रोटेनोन प्रकल्प नोंदी: आधी मेल्यात का ते तरी बघू

६ जून

विषय ठरला एकदाचा. पार्किन्सन्समध्ये मेंदूच्या तळाशी सबस्टॅन्शिया नायग्रा नावाचा जो काळपट पट्टा असतो तिथल्या डोपामिन (हालचाल सुरळीत ठेवणारं रसायन) बनवणाऱ्या सेल्स मरत जातात. पूर्ण मेंदूत ८६ अब्जाच्या आसपास न्यूरॉन्स आणि त्यातल्या ह्या फक्त काही लाख, पण त्या गेल्या की माणूस चमचा तोंडापर्यंत नेताना थरथरतो. त्या का मरतात हा जगाचा प्रश्न. माझ्या वाट्याला त्यातला नखाएवढा तुकडा आलाय: रोटेनोन नावाचं विष दिल्यावर सेल्स कुठल्या रस्त्याने मरतात ते शोधायचं.

रोटेनोनच का, तर त्याच्यामागे एक गोष्ट आहे जी मी आत्तापर्यंत किमान दहा जणांना सांगितली असेल. १९८२ साली कॅलिफोर्नियात काही तरुण पोरं हॉस्पिटलात आली, अक्षरशः पुतळे झालेली, हलता येईना बोलता येईना. विल्यम लँगस्टन नावाच्या न्यूरॉलॉजिस्टने आणि त्याच्या टीमने माग काढला तेव्हा कळलं की सगळ्यांनी घरगुती लॅबमध्ये बनवलेलं नकली हेरॉईन टोचून घेतलं होतं आणि त्यात एमपीटीपी नावाची भेसळ झाली होती. हे एमपीटीपी स्वतः काही करत नाही, मेंदूतलं एक एन्झाइम त्याचं एमपीपी प्लस करतं, ते डोपामिनच्या सेल्समध्ये डोपामिनच्याच दारातून आत शिरतं आणि मायटोकॉन्ड्रियाचं, म्हणजे सेलच्या वीजघराचं, कॉम्प्लेक्स वन बंद पाडतं. म्हणजे वीजनिर्मितीचा पहिलाच टप्पा बंद. रोटेनोन तेच कॉम्प्लेक्स बंद पाडतं, फक्त त्याला दार लागत नाही, कुठल्याही सेलमध्ये घुसतं. डेरिस नावाच्या वेलीच्या मुळात सापडतं, पूर्वी मासे मारायला वापरायचे, नंतर बागेत कीटकनाशक म्हणून. २००० साली अमेरिकेत ग्रीनामायरच्या लॅबने रॅट्सना हळूहळू रोटेनोन देत ठेवलं आणि त्यांच्या नायग्रातल्या सेल्स मेल्या, बाकी मेंदू बऱ्यापैकी ठीक. विष सगळीकडे पोचलं, मेल्या मात्र ह्याच. मला खरा इंटरेस्ट इथे आहे.

घरी आजोबांना पार्किन्सन्स आहे हे मी प्रपोजलमध्ये लिहिलं नाही. इंटरव्ह्यूत लोक असं सांगतात ते ऐकायला कसंतरी वाटतं.

९ जून

सेल्स नायट्रोजनच्या टाकीतून काढल्या. एसएच-एसवाय५वाय. ह्या लाईनचं, म्हणजे लॅबमध्ये वर्षानुवर्षं वाढवत ठेवलेल्या सेल्सचं, मूळ १९७० सालचं, चार वर्षांच्या एका मुलीच्या बोन मॅरोमधून घेतलेला न्यूरोब्लास्टोमा, म्हणजे नर्व्ह सेल्सचा कॅन्सर. ती मुलगी कोण होती हे कुठेच नाही, पण तिच्या सेल्स पन्नासहून जास्त वर्षं जगभरच्या फ्रीजरमध्ये आहेत आणि आज सकाळी पुण्यात ३७ डिग्रीच्या पाण्यात मी त्या वितळवत होते. असले विचार हूडमध्ये (जंतुविरहित हवेच्या कपाटाशी) बसून करू नयेत, पिपेट हलतं.

फ्लास्कच्या तळाला चिकटल्या. निम्म्या चिकटतात निम्म्या तरंगतात, ही ह्यांची जुनी खोड.

१७ जून

पहिली प्लेट, ९६ वेल म्हणजे छोट्या खळग्यांची. रोटेनोनचे सहा डोस, ४८ तास, शेवटी एमटीटी. एमटीटी म्हणजे पिवळं रसायन, जिवंत सेल त्याचं जांभळं करते, जांभळं जितकं गडद तितक्या सेल्स जिवंत असा हिशोब. ग्राफ इतका सुंदर आला की मी प्रिंट काढला, डोस वाढतो तसा रंग कमी, एकदम पुस्तकातल्यासारखी घसरगुंडी. एक मायक्रोमोलरला कंट्रोलच्या, म्हणजे रोटेनोन न दिलेल्या सेल्सच्या, निम्म्याच्या आसपास. एक्सेलमध्ये कॉलमला नाव दिलं "मेलेल्या %" आणि संध्याकाळी खुशीत कॅन्टीनला दोन वडापाव.

मॅडमना, म्हणजे माझ्या गाईडना, दाखवलं. त्यांनी ग्राफकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाल्या, "छान. आता मला एक मेलेली सेल दाखव."

मला वाटलं चेष्टा करतायत.

१८ जून

चेष्टा नव्हती. जोडीची, एमटीटी न घातलेली प्लेट मायक्रोस्कोपखाली ठेवली. एक मायक्रोमोलरच्या वेलमध्ये सेल्स बसलेल्या, काही गोल झालेल्या, पण फुटलेल्या, कुरतडलेल्या वगैरे जवळपास नाहीतच. ट्रायपॅन ब्लू घातलं, मेलेली सेल निळी होते, जिवंत निळ्याला आत येऊ देत नाही. मोजत बसले. निळ्या इतक्या कमी की दोनदा वाटलं डाय जुनी झाली असेल. नवी उघडली, तेच.

मग दुपारी डोक्यात प्रकाश पडला आणि तो पडल्यावर इतकी लाज वाटली की काय सांगू. रोटेनोन घालायच्या क्षणी वेलमध्ये किती सेल्स होत्या हे मी मोजलंच नव्हतं. आज त्याच घनतेची प्लेट परत लावून शून्य तासाला मोजल्या. आकडा जवळपास तोच, जो रोटेनोनवाल्या वेलमध्ये ४८ तासांनी होता! म्हणजे रोटेनोनवाल्या मेल्या नव्हत्या, फक्त वाढल्या नव्हत्या. कंट्रोलवाल्या दोन दिवसांत दुप्पट होत आल्या होत्या आणि मी दुप्पटला शंभर टक्के धरून उरलेल्यांना मयत घोषित केलं. वर्गात नवीन पोरं आली म्हणून जुनी पोरं मेली असं म्हणण्यासारखं आहे हे.

त्यात अजून, एमटीटीचा जांभळा रंग सेलच्या रिड्यूस करायच्या, म्हणजे इलेक्ट्रॉन द्यायच्या, ताकदीवर अवलंबून असतो आणि मी औषध दिलंय ते नेमकं त्याच यंत्रणेवर घाव घालणारं. वजनकाट्यावर हातोडा मारायचा आणि म्हणायचं वजन कमी झालं.

कॉलमचं नाव बदललं. "एमटीटी रीडिंग". बास, तेवढंच आहे ते.

२१ जून

प्रश्न उरला की मरत का नाहीयेत. उत्तर मीडियाच्या (सेल्स ज्या पोषक द्रवात वाढतात त्याच्या) बाटलीवरच छापलंय, हाय ग्लुकोज. ह्या मुळात कॅन्सरच्या सेल्स, साखरेच्या पाकात पोहतायत, मायटोकॉन्ड्रिया बंद पडला तरी ग्लुकोज नुसतं ग्लायकोलिसिसने, म्हणजे मायटोकॉन्ड्रियाशिवायच फोडून भागवतात आणि लॅक्टिक ॲसिड सोडत राहतात. (मीडिया पिवळा पडत होता तो ह्यामुळे, मी आपली इन्क्युबेटरच्या सीओटू सिलेंडरला शिव्या देत होते.) खऱ्या न्यूरॉनला ही चैन नाही, तो जवळजवळ सगळा मायटोकॉन्ड्रियावर जगतो. म्हणजे मी नळाचं पाणी बंद केलं पण घरात टँकर उभा होता.

उपाय जुना आणि सोपा आहे. ग्लुकोज काढून गॅलॅक्टोज ही दुसरी साखर द्यायची. गॅलॅक्टोज सेलला वापरता येतं पण इतकं रमतगमत की नुसत्या ग्लायकोलिसिसवर भागत नाही, मायटोकॉन्ड्रिया चालवावाच लागतो.

२ जुलै

मेल्या.

१० मिलिमोलर गॅलॅक्टोज, सिरम डायलाइज केलेलं (त्यातले साखरेसारखे छोटे रेणू काढलेलं) कारण साध्या सिरममध्येही ग्लुकोज असतं, आठवडाभर सवय लावली आणि मग रोटेनोन. शंभर नॅनोमोलरलाच, म्हणजे एक मायक्रोमोलरच्या दहाव्या हिश्शाला, चोवीस तासांत ढिगाने निळ्या. शून्य तासाच्या आकड्यापेक्षा खाली गेलं तेव्हाच वहीत "मृत्यू" हा शब्द लिहिला, त्याआधी नाही. आपण सेल्स मेल्या म्हणून आनंदाने टेबलावर हात आपटतोय हे लक्षात आलं तेव्हा शेजारची ज्युनियर माझ्याकडे बघत होती.

६ जुलै

रात्री लाईट गेली, जनरेटर चालू झाला पण इन्क्युबेटरच्या लाईनवर नाही. सकाळी आत २९ डिग्री. दोन फ्लास्क फेकले. पुढे.

१९ जुलै

आता खरा प्रश्न, कशा मेल्या. बाहेरच्या माणसाला मरण म्हणजे मरण, पण सेल मरायच्या तऱ्हा आहेत. सगळ्यात प्रसिद्ध अपोप्टोसिस, हे नाव १९७२ च्या पेपरमधलं, केर, वायली आणि करी. सेल शिस्तीत स्वतःला आवरते, डीएनए कापते, छोट्या पुड्या बांधते, शेजाऱ्याला त्रास नाही. आणि ही काही आजाराचीच गोष्ट नाही, सी एलेगन्स नावाच्या मिलिमीटरभर किड्यात वाढ होताना १०९० सेल्स तयार होतात आणि त्यातल्या नेमक्या १३१ दरवेळी ठरल्याप्रमाणे मरतात, कुठली कधी मरणार हे सुद्धा ठरलेलं. त्या कामाला २००२ चं नोबेल मिळालं. दुसरी तऱ्हा नेक्रोसिस, फुगली आणि फुटली, आतलं सगळं शेजाऱ्यांच्या अंगावर. आणि २०१२ मध्ये नाव मिळालेली फेरोप्टोसिस, लोखंडामुळे सेलच्या पडद्यातली चरबी खवट होते, खरंच तसंच, जुन्या शेंगदाण्यासारखी. नायग्रात लोखंड भरपूर असतं म्हणून पार्किन्सन्सवाल्यांचं तिच्याकडे बारीक लक्ष.

माझी प्लेट अशी: रोटेनोन एकटं, रोटेनोन अधिक झेडव्हॅड जे अपोप्टोसिसच्या कात्र्या म्हणजे कॅस्पेजेस बंद करतं, रोटेनोन अधिक फेरोस्टॅटिन जे फेरोप्टोसिस थांबवतं, आणि स्टॉरोस्पोरिन, जे दिलं की अपोप्टोसिस हमखास, म्हणजे कात्र्या चालतात का हे तरी कळेल.

स्टॉरोस्पोरिनवाल्या झेडव्हॅडने छान वाचल्या. रोटेनोनवाल्या गॅलॅक्टोजमध्ये झेडव्हॅडने फारशा वाचल्या नाहीत. फेरोस्टॅटिनने थोडा फरक, पण त्यावर मी पैज लावणार नाही. आणि मग गंमत, तेच रोटेनोन पण थोडं ग्लुकोज परत घातलेल्या वेल्समध्ये मेल्या कमी आणि ज्या मेल्या त्यांची न्यूक्लियस तुकडे तुकडे झालेली, म्हणजे अपोप्टोसिस. एकच विष, एकच सेल, साखर थोडी बदलली तर मरायची रीत बदलली.

ह्याचं कारण १९९७ मध्येच दाखवून झालंय, अपोप्टोसिसला एटीपी, म्हणजे सेलचं ऊर्जेचं चलन, लागतं. शिस्तीत मरायलाही सेलकडे शिल्लक हवी. एटीपी अगदीच संपलं तर तिला आवराआवर जमत नाही, ती नुसती फुटते. मला हे वाचून माहीत होतं पण स्वतःच्या प्लेटवर दोन वेल शेजारी शेजारी बघितल्यावर जरा वेळ तिथेच बसून राहिले.

४ ऑगस्ट

दोन दिवस साताऱ्याला. सेल्स ज्युनियरच्या ताब्यात, फोनवर तीन वेळा सूचना, तिने शेवटी सांगितलं ताई मला येतं ते.

आजोबा दुकानाचा हिशोब अजून हाताने लिहितात. माळ्यावरचा ट्रंक काढला होता, त्यात जुन्या वह्या. सहज चाळत बसले आणि मग सहज राहिलं नाही. पार्किन्सन्सचं निदान झालं त्याच्या पाच-सहा वर्षं आधीच्या वहीपासून अक्षर बारीक होत गेलंय. आधी ओळ भरून "श्री", टपोरं, मग पुढच्या वर्षी जरा लहान, मग पानाच्या शेवटी शेवटी मुंगीएवढं. ह्याला मायक्रोग्राफिया म्हणतात हे मला परीक्षेपुरतं पाठ होतं. आम्हाला वाटायचं आजोबा कागद वाचवतात. तेव्हा हाताला कंप नव्हता, डॉक्टरकडे जायचं कारणच नव्हतं. आणि आजी म्हणाली त्यांना फोडणी करपल्याचा वास येणं तर त्याही आधी बंद झालं होतं, ती ओरडायची म्हणे, गॅसपाशी असून कळत नाही का.

आजोबांना कामाचं सांगितलं. त्यांनी नीट ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे तू त्यांना मारतेस का वाचवतेस?"

"आधी मारते आजोबा, मग वाचवायला बघते."

"मग आधी न मारलेलं बरं नाही का," म्हणाले आणि सिंडोपाची गोळी घेतली. गोळीतली लेव्होडोपा मेंदूत जाऊन डोपामिन होते, राहिलेल्या सेल्सचं काम हलकं करते, मरणाऱ्या थांबवत नाही. शेजारच्या काकांनी खाजकुइलीच्या बियांचं चूर्ण आणून दिलं होतं. ते थोतांड नाहीये, त्या बियांत लेव्होडोपा खरंच असते, १९३७ मध्ये दामोदरन आणि रामस्वामी ह्यांनी वेगळी काढून दाखवली होती. पण म्हणूनच गोळीच्या वर चूर्ण घेतलं तर डोस डबल होईल, डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका म्हणून डबा आजीच्या ताब्यात दिला. काका थोडे नाराज.

१६ ऑगस्ट

वह्या डोक्यातून जात नाहीयेत. इतकी वर्षं आधी जर अक्षर बारीक होत होतं तर मी चोवीस तासांनी निळ्या सेल्स मोजतेय तो फार उशीरा पोचलेला पोलीस झाला. म्हणून डिझाइन बदललं. सेल्स रेटिनोइक ॲसिडवर सात दिवस ठेवून डिफरन्शिएट केल्या, म्हणजे न्यूरॉनसारख्या बनवल्या, आता वाढत नाहीत आणि त्यांना लांब धागे फुटलेत, न्यूराइट्स. इन्क्युबेटरमधला कॅमेरा दर वीस मिनिटांनी फोटो काढेल, शिवाय मीडियात प्रोपिडियम आयोडाइड, सेल फुटली की लाल चमकेल. गॅलॅक्टोज तेच.

धाग्यांबद्दल एक आकडा सांगते. जपानमधल्या एका गटाने २००९ मध्ये रॅटच्या नायग्रातल्या एकेका न्यूरॉनचा ॲक्सॉन, म्हणजे संदेश नेणारा लांब धागा, पूर्ण माग काढून मोजला, सगळ्या फांद्या धरून सगळ्यात मोठा ७८ सेंटीमीटर भरला. रॅट केवढा, सेल केवढी! माणसात हा हिशोब काही मीटरवर जातो. एवढ्या फांद्यांच्या टोकाटोकाला वीज पुरवायची आणि वर ह्या सेल्स रिकाम्या कधी बसत नाहीत, कोणी सांगो न सांगो ठोके देत राहतात आणि प्रत्येक ठोक्याला आत येणारं कॅल्शियम परत बाहेर उपसत राहतात. सगळीकडे विष पोचूनही ह्याच का मेल्या त्याचं निदान अर्धं उत्तर इथे असावं असं मला वाटतं. सगळ्यात लांबची लाईन आणि सगळ्यात जास्त बिल.

२२ ऑगस्ट

व्हिडिओ बघितला. मग परत बघितला. मग मॅडमना बोलावलं.

पहिले काही तास काही नाही. मग धाग्यांवर मणी यायला लागतात, सरळ दोरा होता त्याची मण्यांची माळ होते, मग माळ तुटते, टोकाकडून आत आत. आणि ह्या सगळ्या वेळात सेलचं मुख्य अंग व्यवस्थित, लाल नाही, काही नाही. लाल व्हायला पुढे कितीतरी तास जातात. माझ्या जुन्या पद्धतीने ह्या सगळ्या सेल्स "जिवंत" ह्या रकान्यात गेल्या असत्या.

मॅडम म्हणाल्या माणसात बघितलेलं वाच. २०१३ चा पेपर आहे, मृत्यूनंतर मेंदू तपासलेले: निदानानंतर चारेक वर्षांत पुटामेनमधले (नायग्रातल्या सेल्सचे धागे जिथे पोचतात त्या भागातले) डोपामिनचे तंतू जवळपास गेलेले, पण नायग्रात सेल्स मात्र अजून काही शिल्लक. म्हणजे झाड आधी फांद्यांनी वठतं. आणि फांदीचं मरण हा वेगळाच कारभार आहे, त्याला स्वतःची यंत्रणा आहे. १८५० मध्ये ऑगस्टस वॉलरने बेडकाच्या जिभेच्या नसा कापून बघितलं होतं की तुटलेला भाग विरघळत जातो, सगळ्यांना वाटलं पोषण तुटलं म्हणून. मग १९८९ मध्ये असा एक उंदीर सापडला ज्याचे तुटलेले ॲक्सॉन आठवडे टिकतात! आणि २०१२ मध्ये सार्म१ हे प्रोटीन सापडलं जे नसेल तर ॲक्सॉन तुटला तरी लवकर मरत नाही. म्हणजे तोही ठरवून मरतो.

२९ ऑगस्ट

गणपती. अख्खी बिल्डिंग रिकामी, सेल्सना सुट्टी कोण देणार. बाहेर ढोल चालू होता आणि कॅमेऱ्यातले दोनशे फोटो हललेले आलेत, ते ढोलामुळे का माझ्या फोकसमुळे हे मी विचारणार नाहीये. मोदक मिळाले वॉचमन काकांकडून, दोन.

१० सप्टेंबर

लॅब मीटिंग. व्हिडिओ दाखवला, सगळे वा वा, मी आतून फुगलेली. मग आमच्या पोस्टडॉकने शांतपणे विचारलं, "रोटेनोन ट्युब्युलिनला पण धरतं ना?"

धरतं. माहीत होतं मला. धागे ट्युब्युलिनच्याच बनलेल्या ज्या मायक्रोट्युब्यूल्सच्या सांगाड्यावर उभे असतात तो रोटेनोन थेट मोडतं, वीजबिज काही संबंध नाही. जूनमध्ये सेल्स गोल होऊन वाढायच्या थांबल्या होत्या त्यातही हाच हात असणार, कारण विभाजनालाही त्याच दोऱ्या लागतात. म्हणजे मी "वीज गेली म्हणून फांद्या वाळल्या" म्हणतेय आणि कदाचित फांद्या मी स्वतःच कापतेय.

वर तो अजून म्हणाला की ह्या सेल्स धड डोपामिनच्या पण नाहीत, नॉरॲड्रेनॅलिन ह्या दुसऱ्या रसायनाकडे झुकलेल्या आहेत. तेही खरं. जेवायला गेले नाही.

रात्री: त्याचं बरोबर आहे ह्याचा राग आहे, तो चुकीचा असता तर आला नसता. पायरिसिडिन ऑर्डर करायचं, तेही कॉम्प्लेक्स वन बंद करतं पण ट्युब्युलिनच्या वाटेला जात नाही. किंमत बघून मॅडमनी फक्त भुवई वर केली आणि सही केली.

९ ऑक्टोबर

पायरिसिडिनचे तीन रन झाले, तिन्ही वेळा डिश कुठली हे मला माहीत नव्हतं, लेबलं ज्युनियरने झाकली होती. मणी पायरिसिडिननेही येतात. धागे आधी आणि सेल नंतर हा क्रमही तोच. पण रोटेनोनपेक्षा कितीतरी उशीरा येतात, आणि काही धागे तर सेल लाल होईपर्यंत टिकतात. म्हणजे ऑगस्टमध्ये मी जे बघून मॅडमना हाक मारली त्यातला मोठा भाग ट्युब्युलिनचा होता आणि उरलेला विजेचा. पोस्टडॉकला मेसेज केला, अर्धा तू बरोबर अर्धी मी. त्याने उत्तर दिलं, "अर्धी म्हणजे किती, एरर बार पाठव."

पाठवले. जाडजूड आहेत, म्हणजे आकड्याची खात्री कमीच.

सार्म१ कडे जायच्या आधी एक प्लेट राहिलीये. रोटेनोनबरोबर अगदी थोडं टॅक्सॉल, जे मायक्रोट्युब्यूल्स धरून ठेवतं. त्याने धागे पायरिसिडिनइतके टिकले तर दोन्ही परिणाम वेगळे करता येतील. टॅक्सॉल जास्त झालं तर तेच धाग्यांना मारतं म्हणून चार डोस, आणि टॅक्सॉल एकटं हा कंट्रोल आधी लिहून ठेवला, ह्यावेळी कोणी विचारायच्या आधी. शून्य तासाची मोजणी पण केली.

रात्री साडेदहाला आजोबांचा फोन, मेल्या का गं आज? म्हटलं आज नाही, आत्ताच ठेवल्यात. अकराला कॅमेरा चालू केला. पहिला फोटो आलाय, सगळे धागे जागेवर आहेत.